कोरडा खण

बर्फाच्या कारखान्यासमोर माझं दुकान.
त्यांचा कॉम्प्रेसर सुरू झाला की
वेंगुर्ल्याच्या बंदर रोडवरचे दिवे एकदा डोळा मारतात
आणि कुणाचा तरी कॉम्प्युटर बसतो.
माझं पोट त्यावर.

आज इनास आल्मेडा आले. रिक्षातून.
मांडीवर सीपीयू, टॉवेलात गुंडाळलेला.
बंदर खात्यात अडतीस वर्षं कारकून,
निवृत्त झाल्यावर आपल्या सगळ्या वह्या टाइप करायला घेतल्या:
भरतीच्या वेळा, ओहोटीच्या वेळा,
कुठलं गलबत कौलं भरून आलं,
कुठलं गेलं ते गेलंच.
एका बोटाने. त्या बोटालाही संधिवात.

विंडोज नवीन टाकावं लागेल, मी म्हटलं,
तुमच्या फायली कुठे आहेत?
"हयसर," काळ्या स्क्रीनच्या मधोमध त्यांनी बोट टेकवलं,
"समोरच. डेस्कटॉपार."

सगळे तिथेच ठेवतात.
समोर दिसतं ते आपलं, असा समज.
समोर दिसतं ते सगळं सीमध्ये असतं
आणि पुसायची वेळ आली की आधी सी पुसतात.

डिस्क काढून माझ्या मशीनला लावली.
वह्या एकेक बाहेर निघाल्या, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी,
ब्याण्णवला अडकल्या, घरघरल्या, सुटल्या.
मग विभागणी.

माझे बाबा मेस्त. मांडवीच्या वाळूत होड्या बांधायचे.
इंजिनाकडे तेल, घाण, गळणारं पाणी,
अलीकडे मासळी आणि खलाशांच्या पेट्या,
मध्ये उंडीची फळी. सांध्यात कापूस,
कापसावर तेलात मळलेला चुना, अंगठ्याने दाबत दाबत.
"एक खण भरलो," म्हणायचे,
"तरी दुसरो कोरडो रवाक होयो."
मी कापूस पिळून द्यायचे.

आता फळी मारायला माउस पुरतो.
निळी पट्टी धरायची, ओढायची, सोडायची.
दीडशे सीला. यंत्राचं यंत्राला.
तीनशे पंधरा डीला, वह्यांना.

इनासनी चष्मा कपाळावर चढवला.
"पाचशेचो होतो मा? पस्तीस खंय गेले?"
कंपनी हजाराने मोजते, मशीन एक हजार चोवीसने,
मी समजावलं.
जमीन मोजायला आलेल्या माणसाकडे बघतात
तसं माझ्याकडे बघून म्हणाले,
"लिलावात पण असाच जाता. पाटीचा वजन म्हणान."

विंडोज आलं. डी उघडून पहिली वही दाखवली.
पानभर कंस, टक्के, उद्गारचिन्हं,
मध्येच इंग्रजी अक्षरांचे खडे.
इनास काही बोलले नाहीत.
टॉवेलाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

फॉन्ट. जुना, कुठल्यातरी डीटीपीवाल्याने टाकून दिलेला.
तो सीत होता, सीबरोबर गेला.
वह्या कोरड्या राहिल्या होत्या,
अक्षरं बुडाली होती.

बाबांनी हे सांगितलं नव्हतं.
की सांगितलं असेल,
आणि मी कापूस पिळत असेन.

गल्ल्याखालच्या सीडींत तासभर हात घातला.
बंद पडलेल्या छापखान्याची एक सापडली, चरे पडलेली.
टाकली.
टक्क्याचा भ झाला, एका कंसाची वेलांटी वळली:
भरती, सकाळी ६.२२.
वारा दक्षिणेचा.
त्यांनी ओळ मोठ्याने वाचली, हजेरी घ्यावी तशी.

फॉन्टची एक प्रत डीतही ठेवली.
आणि खरं ते सांगितलं:
दोन्ही खण एकाच डिस्कमध्ये आहेत, काका.
हीच पडली, जळली, तर काहीच वाचणार नाही.
दुसरीकडे कुठेतरी प्रत ठेवा.
"माका ठावक आसा," म्हणाले.
"फळी पाण्यासाठी असता. खडकासाठी नाय."

सातशे झाले, मी म्हटलं.
त्यांनी सहाशे पासष्ट ठेवले काउंटरवर,
शेवटचे पाच सुटे, रुपया रुपया मोजून.
पस्तिसांचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

रिक्षा येईपर्यंत बसले होते.
समोर कॉम्प्रेसर घुमला,
दिव्यांनी डोळा मारला,
आणि आम्ही दोघांनी एकदमच
डब्यावर हात ठेवला.